आखाड्यावरचा दिवा

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथे पाटी-पुस्तक घेऊन बसला आहात. तेव्हा आम्ही उगाच लांबण लावणार नाही. आज एका दिव्याविषयी बोलावयाचे आहे. हा दिवा देवळातला नव्हे, घरातलाही नव्हे. हा शेतातल्या आखाड्यावरचा दिवा आहे.

आखाडा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. कोणी त्याला कोठा म्हणतात, कोणी गोठा म्हणतात. चार खांब, वर पत्रे. एका अंगाला बैलांची दावण, दुसऱ्या अंगाला कडबा. कोपऱ्यात औत, जू, खताची पोती, फवारणीचा पंप. आणि मध्ये एक बाज. शेतकऱ्याचे अर्धे धन त्या पत्र्याखाली असते.

त्या बाजेवर रात्री निजतो कोण? शेतकरी लहान असेल तर तो स्वतः निजतो. जमीन थोडी जास्त असेल तर सालगडी निजतो. पुष्कळदा त्याची बायको-लेकरेही तिथेच असतात. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते. पैसे किती, धान्य किती, कपडे किती, सगळे ठरते. आखाड्यावर दिवा असेल की नाही, हे मात्र कोणी ठरवीत नाही. तो विचारीत नाही आणि मालक सांगत नाही.

हे आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी बोलत नाही. आमच्याच आखाड्याची गोष्ट सांगणार आहोत. त्यात चूक आमची आहे. स्वतःची चूक झाकून दुसऱ्याला उपदेश करण्यात अर्थ नाही.

आधी थोडे मागचे सांगतो. आमचे गाव लोहा तालुक्यात. लहानपणी आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती. मॅट्रिकपर्यंतचा अभ्यास आम्ही कंदिलावर केला. देशात वीज नव्हती असे नाही. खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ सालीच वीज मिळू लागली होती. पण आपल्या मुलखात ती यावयास फार वर्षे लागली. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण त्यातून सुटलो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७१ साली परळी वैजनाथला कोळशावर चालणारे वीजघर सुरू झाले. हळूहळू गावोगाव खांब दिसू लागले. पुढे २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. घरोघर वीज पोचविणारी कंपनी ती महावितरण.

अशी वीज पायरीपायरीने आली. आधी गिरणीत आली, मग शहरात, मग गावात, मग घरात, मग विहिरीवरच्या मोटारीला. सर्वांत शेवटी उरला तो आखाडा. मोटारीला वीज मिळाली, कारण मोटार पिकाला पाणी देते. मोटारीची राखण करणारा माणूस मात्र अंधारातच राहिला.

आमच्याकडेही असेच झाले. विहिरीवर मोटार होती. आखाड्यावर कंदील होता.

२००९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. आषाढ महिना होता. आमचा सालगडी, त्याची बायको आणि आठ वर्षांची मुलगी आखाड्यावर राहत. बाज एकच होती. मायलेकी खाली गोधडी टाकून निजत. एका रात्री मुलगी दचकून उठली. म्हणाली, "आई, काहीतरी चावलं." बापाने काडी ओढली. पावसाळी हवा, काडी पेटेना. कंदिलात तेल नव्हते. हाताने चाचपून पाहिले, रक्त नाही, सूज नाही. मुंगी चावली असेल म्हणून त्यांनी तिला पुन्हा निजविले.

पहाटे तिच्या पोटात दुखू लागले. पापण्या आपोआप मिटू लागल्या. बोलणे बोबडे येऊ लागले. उजाडल्यावर गोधडीच्या घडीत मण्यार निघाली.

मण्यारीचे दात बारीक असतात. चावलेले कळत नाही, फार दुखतही नाही. ती बहुधा रात्रीच चावते आणि झोपलेल्या माणसाला चावते. विष अंगात भिनल्यावर श्वास बंद पडू लागतो. मुलीला आम्ही नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेले. सापाच्या विषावरची लस दिली. काही दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवले. ती वाचली. आज ती अहमदपूर तालुक्यात सासरी सुखाने नांदत आहे.

तिथल्या डॉक्टरांनी बापाला विचारले, "रात्री चावले तर सकाळपर्यंत काय पाहत होता? दिवा नव्हता का?" बाप काही बोलला नाही. त्याने खाली मान घातली. खरे म्हणजे मान आम्ही खाली घालावयास हवी होती.

गावी परत आल्यावर आम्ही ठरविले की आठ दिवसांच्या आत आखाड्यावर दिवा लागला पाहिजे. हे ठरविले ते बरोबर होते. पण केले ते चुकीचे केले.

गावातला एक मुलगा वायरिंगचे थोडेफार काम करी. त्याला बोलावले. अर्ज कशाला, परवाना असलेला वायरमन कशाला, खर्च कशाला, असा विचार आम्ही केला. त्या मुलाने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून एक तार काढली. स्वस्तातली बारीक तार होती. ती बाभळीच्या फांदीवरून नेली. मग पत्र्याच्या कडेवरून आत घेतली आणि दिव्याला जोडली. दिव्याला दोन तारा लागतात. दुसरी तार म्हणून त्याने दावणीजवळ जमिनीत एक लोखंडी सळई ठोकली आणि दिव्याचे दुसरे टोक तिला बांधले. दिवा लागला. सगळ्यांना आनंद झाला. आमच्या सालगड्याच्या बायकोने दिव्याला हात जोडले.

आम्ही सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवीत होतो. विजेचे मंडल फळ्यावर काढून दाखवीत होतो. ही तार धोक्याची आहे हे आम्हाला कळत नव्हते असे नाही. चालते आहे तर चालू द्या, असे आम्ही म्हटले.

एक वर्ष चालले. २०१० साली श्रावण महिन्यात, पोळा पंधरा दिवसांवर आला असताना, रात्री वारा-पाऊस झाला. शेतीची लाईन पाळीपाळीने येते, हे तुम्हाला माहीत आहे. रात्री लाईन नव्हती. वाऱ्याने तार पत्र्याच्या कडेवर घासत राहिली. तिच्यावरचे रबर फाटले. पहाटे लाईन आली. त्याबरोबर पत्र्यात वीज उतरली. पत्र्यातून लोखंडी खांबात आली. खांबाला साखळीने आमचा पाखऱ्या बैल बांधला होता. त्याचे पाय चिखलात होते. तो जागच्या जागी कोसळला.

सालगडी त्याला सोडवावयास धावला. त्याच्या बायकोने मागून त्याचा सदरा धरला. ती ओरडली, "हात लावू नगा! पत्रा चरचर वाजायलाय!" तो वळला, विहिरीकडे पळाला आणि पेटीचा खटका खाली ओढला. बैल गेला होता. त्या बाईने सदरा धरला नसता तर माणूसही गेला असता.

पाखऱ्या लाल कंधारी जातीचा होता. माळेगावच्या यात्रेतून आम्ही ती जोडी आणली होती. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात एकच बैल आला.

बैल पुरून परत येताना सालगडी आम्हाला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर शाळेत लेकरायला करंट शिकवता नव्हं?" तो रागाने बोलला नाही. त्याला खरेच कोडे पडले होते. आम्हाला उत्तर देता आले नाही. आज तुमच्यापुढे जे सांगत आहोत, ते त्याला द्यावयाचे उत्तर आहे असे समजा.

आता चूक कुठे झाली ते पाहू.

विजेला जाण्यास एक वाट लागते आणि परत येण्यास दुसरी वाट लागते. जी तार वीज घेऊन येते तिला फेज म्हणतात. जिच्यातून ती परत जाते तिला न्यूट्रल म्हणतात. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. परतीची तार नीट नसेल तर वीज दुसरी वाट शोधते. ओली जमीन, लोखंडी खांब, बैलाचे पाय, माणसाचे अंग, जे सापडेल त्यातून ती जाते. सळई ठोकून दिवा लावणे म्हणजे परतीची वाट जमिनीतून काढणे. ती सळई ढोराच्या पायाने उपटली आणि कोणी हातात धरली, तर दिव्यातून आलेली वीज त्याच्या अंगातून जाते. आपल्या भागात अशा सळया पुष्कळ आखाड्यांवर आहेत. आज घरी जाऊन पाहा. असेल तर आधी पेटीचा खटका बंद करा आणि ती जोडणी जाणकार वायरमनकडून काढून टाका.

तुम्ही विचाराल, गुरुजी, फ्यूज होता ना? तो का उडाला नाही? फार चांगला प्रश्न आहे. फ्यूज माणसाला वाचविण्यासाठी नसतो. तो तार जळू नये म्हणून असतो. ५ अँपिअरचा फ्यूज ५ अँपिअरच्या वर वीज गेली तरच वितळतो. ओल्या पायाच्या माणसातून पाव अँपिअरच्या आसपास वीज जाते. तेवढ्याने माणूस मरतो, आणि फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. त्यातून आपले लोक फ्यूजमध्ये जाड तार घालतात. मग तर तो कशानेच उडत नाही. हल्ली फ्यूजच्या जागी एमसीबी नावाचा खटका बसवितात. तो सोयीचा आहे, पण त्याचेही काम तारेचे रक्षण हेच.

मग जिवाचे रक्षण कोण करतो? त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा खटका असतो. त्याचे काम गुराख्यासारखे आहे. गुराखी सकाळी २० गुरे मोजून रानात नेतो. संध्याकाळी २० मोजून परत आणतो. एक कमी भरले की तो ओरडतो. हा खटकाही फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून आलेली वीज सारखी मोजत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज भलत्या वाटेने गेली. मग तो डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात वीज तोडतो. मिली म्हणजे हजारावा भाग. एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातले ३० भाग. विकत घेताना खटक्यावर ३० हा आकडा आणि पुढे एमए ही इंग्रजी अक्षरे आहेत का, ते वाचून घ्या. वाचता येऊ लागल्याचा उपयोग अशा वेळी होतो. त्या खटक्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर खटका पडला तर तो जिवंत आहे. पडला नाही तर बदलावा.

आता आखाड्यावर दिवा नीट कसा बसवावा ते सांगतो. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. आपण स्वतः तारांना हात लावू नये. पण काम बरोबर झाले की नाही, हे आपल्याला कळले पाहिजे.

पहिली गोष्ट जोडणीची. आखाडा गावाजवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून रीतसर जोडणी घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवर दिवा चालेल का, किती चालेल, हे तिथेच विचारून घ्यावे. खांबावर आकडा टाकू नये. ती चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आकड्याला ना खटका, ना मोजणारा गुराखी. पावसात तो आकडा काढताना आणि टाकताना माणसे मेली आहेत.

दुसरी गोष्ट तारेची. घरापासून आखाड्यापर्यंत तार न्यावयाची असेल तर झाडावरून नेऊ नये. झाड हलते, तार घासते. वरून न्यावयाची तर खांब रोवून, आधाराची वेगळी तार ताणून, उंचावरून न्यावी. कडब्याने भरलेली गाडी खालून जाते, हे लक्षात ठेवावे. जमिनीतून न्यावयाची तर पोलादी कवच असलेली केबल घ्यावी. चर निदान अडीच फूट खोल खणावा. खाली वाळू, मग केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटांचा थर, मग माती. पुढे कोणी खणू लागला तर आधी वीट लागते आणि तो सावध होतो. केबल कुठून गेली तिथे धुऱ्यावर खुणेचे दगड रोवावेत. आज आपल्याला आठवते, पण दहा वर्षांनी नांगर धरणारा दुसराच असेल.

तिसरी गोष्ट आतल्या फिटिंगची. आखाड्यात उंदीर असतात. उघडी तार ते कुरतडतात. म्हणून तार प्लास्टिकच्या नळीतूनच न्यावी. पत्र्याला तार कुठेही टेकू नये. जिथे पत्रा ओलांडावा लागेल तिथे नळी आणि रबराची गादी असावी. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. तारेला मध्ये जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये. दिवा कडब्यापासून दूर असावा. दिव्याला बंद झाकण असावे, म्हणजे धूळ, किडे आणि पावसाची झड आत जात नाही.

चौथी गोष्ट बटणाची. बटण फेजच्या तारेवर असावे. ते चुकून न्यूट्रलवर बसले तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. मग दिवा विझला आहे म्हणून कोणी तो बदलावयास जातो आणि झटका बसतो. वायरमनला टेस्टर लावून दाखवावयास सांगा. लाजू नका. आणि बटण दाराशी असावे, बाजेवरूनही हात पोचेल असे दुसरे असावे. अंधारात चार पावले चालून दिवा लावावा लागत असेल तर सापावर पाय पडायचा तो त्या चार पावलांतच पडतो.

पाचवी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग म्हणजे चुकलेल्या विजेला दिलेली सुरक्षित वाट. आमच्या त्या सळईला अर्थिंग म्हणत नाहीत. ती रोजच्या विजेची वाट झाली होती. अर्थिंगमधून रोज वीज जावयाची नसते. खड्डा खणून त्यात सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्त चढविलेला लोखंडी नळ उभा पुरतात. भोवती कोळसा आणि मीठ भरतात. त्याला हिरवी तार जोडून ती बोर्डाला, पत्र्याला आणि लोखंडी खांबांना जोडतात. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. ओल गेली की अर्थिंग दुबळे होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. जिथे खाली काळा खडक लागतो तिथे जागा वायरमनला पाहून ठरवू द्यावी.

जनावरांसाठी हे सगळे अधिकच जरुरीचे आहे. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. जमीन ओली असते. जमिनीत वीज उतरली तर ती एका पायाने चढते आणि दुसऱ्या पायाने उतरते. वाटेत काळीज असते. माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथे जनावर दगावू शकते. जनावर जागेवर जायला कुचरले, खांबाला अंग लावीना, तर त्याला मारू नका. आधी वीज बंद करा.

आता प्रश्न असा की, आखाडा गावापासून लांब असेल तर काय करावे? शेतीची लाईन पाळीने येते. ज्या रात्री ती नसेल त्या रात्री अंधार. आणि सापाला लाईनचे वेळापत्रक माहीत नसते. अशा ठिकाणी सूर्याच्या उजेडावर चालणारा दिवा चांगला. पत्र्यावर एक लहान पाटी बसते. दिवसा ती बॅटरी भरते, रात्री दिवा जळतो. पाटीचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि तिला साधारण १८ ते २० अंश उतार असावा. झाडाची सावली पडू नये. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने धूळ पुसावी. बॅटरी १२ व्होल्टची असते. तिचा झटका जीव घेत नाही. पण तिच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी पडते आणि कडबा पेटतो. म्हणून तिलाही फ्यूज हवा, आणि बॅटरी कडब्यापासून दूर हवी.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. आखाड्यावर वीज आली की काहींच्या मनात येते, इथूनच कुंपणाच्या तारेत वीज सोडू, म्हणजे रानडुक्कर येणार नाही. हे कधीही करू नका. डुकराला हे कुंपण कळत नाही आणि माणसालाही रात्री दिसत नाही. शेजारचा शेतकरी, पाणी धरणारा गडी, कोणाचे तरी लेकरू त्यात सापडते. तो गुन्हा आहे आणि त्याची भरपाई कशानेही होत नाही.

कोणाला विजेने धरलेच, तर त्याला हात लावू नये. आधी खटका बंद करावा. तो लगेच सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला सारावी. खांबावरची मोठी तार तुटून पडली असेल तर लाकडानेही जवळ जाऊ नये. लोकांना दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. हे दोन आकडे आज पाटीवर लिहा. घरी गेल्यावर आखाड्याच्या बोर्डाजवळ कोळशाने किंवा रंगाने मोठे लिहून ठेवा.

दिवा लागला म्हणजे सगळे झाले असेही नाही. उजेडाला किडे येतात, किड्यांना बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो. म्हणून दिवा बाजेच्या थेट डोक्यावर नको. निजावे ते बाजेवरच, आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. जितकी माणसे तितक्या बाजा असाव्यात. रात्री काही चावल्यासारखे वाटले तर मुंगी म्हणून पुन्हा झोपू नये. दिवा लावावा, पाहावे, आणि शंका आली तर मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

शेवटी एक हिशेब करू. आपण गुणाकार शिकलो आहोत. एलईडीचा दिवा ९ वॅटचा असतो. तो रोज ५ तास जाळला.

९ गुणिले ५ बरोबर ४५.
४५ गुणिले ३० दिवस बरोबर १३५०.

१००० वॅट एक तास जळले की एक युनिट होते. म्हणजे महिन्याला झाले १.३५ युनिट. दीड युनिटसुद्धा नाही. पूर्वीचा ६० वॅटचा दिवा याच वेळात ९ युनिट खात असे. म्हणून दिवा परवडत नाही, असे आता म्हणता येत नाही. पहिला खर्च होतो तो तारेचा, खटक्याचा आणि अर्थिंगचा. तो टाळून आम्ही जे पैसे वाचविले, त्याच्या कितीतरी पट पाखऱ्याची किंमत होती. आणि त्या बाईने सदरा धरला नसता, तर त्याची किंमत आम्ही कोणत्या आकड्यात मांडली असती?

आमच्या आखाड्यावर आज रीतसर जोडणीचा दिवा आहे. बोर्डात ३० चा खटका आहे. अर्थिंगच्या खड्ड्यावर चैत्र-वैशाखात पाणी पडते. तीन बाजा आहेत. आमचा तो सालगडी आता थकला आहे, पण त्याचा मुलगा शेत पाहतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो खटक्याचे बटण दाबून पाहतो आणि आम्हाला निरोप देतो, "गुरुजी, पडला." तो शब्द ऐकला की आम्हाला बरे वाटते.

मंडळी, तुमच्यात काही मालक असतील, काही सालगडी असतील. मालकांना आमचे सांगणे असे, की येत्या पाडव्याला साल ठरविताना दिवाही ठरवा. सालगड्यांना सांगणे असे, की दिवा मागा. तो नीट बसविला आहे का, तेही विचारा. विचारण्यात संकोच नको. त्या पत्र्याखाली तुमची लेकरे निजतात.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो.